विद्यापीठाच्या आयटी समितीत प्राध्यापकांनी नेमकं काय बघायचं?

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की विद्यापरिषदेने आयटीवर देखरेख ठेवायला प्राध्यापकांची समिती केलीय, तुमचं नाव त्यात घातलंय, नवीन ईआरपी, म्हणजे प्रवेश-परीक्षा-निकाल सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घ्यायचं चाललंय, आणि पहिल्याच मीटिंगला संगणक केंद्रवाले म्हणाले की हे टेक्निकल मॅटर आहे, तुम्ही यात पडू नका. आणि दुसरीकडून विभागातले सहकारी वायफाय चालत नाही म्हणून तुमच्याच केबिनमध्ये येऊन बसायलेत. मग या समितीने करायचं तरी काय? मी दोन्ही बाजूंना बसलेला माणूस आहे, संगणकशास्त्र शिकवत शिकवत केंद्राचा चार्जही सांभाळला आणि नंतर मराठवाड्यातल्याच अशा समित्यांवरही काम केलं, त्यामुळे जरा लांबण लागेल, सवडीने वाचा.

आधी वायफायचं मिटवून टाकू. ते तुमचं काम नाही. वायफाय, प्रिंटर, पासवर्ड विसरला, प्रोजेक्टर लागत नाही, या सगळ्या तक्रारी हेल्पडेस्कला जाऊ द्या, हेल्पडेस्क नसेल तर तो सुरू करायला सांगा आणि विषय संपवा. ज्या समितीची पहिली मीटिंग वायफायवर गेली तिची शेवटची मीटिंगही वायफायवरच जाते, हे मी बघितलेलं आहे.

समितीने बघायचं ते हे, की सॉफ्टवेअरच्या आत कोणते शैक्षणिक निर्णय बसलेत आणि ते कुणी घेतले. सर्व्हर कोणत्या कंपनीचा, डेटाबेस कोणता, हे केंद्रवाल्यांना ठरवू द्या, त्यात ते खरंच तुमच्यापेक्षा हुशार आहेत. पण एटीकेटीचा नियम, गुण राउंड करायचा नियम, गैरहजर आणि शून्य यातला फरक, ही टेक्निकल मॅटर नाहीत, ती विद्यापरिषदेची आणि परीक्षा मंडळाची मॅटर आहेत, आणि आज ती कुठेतरी पुण्या-हैदराबादकडे बसलेला एखादा प्रोग्रॅमर ठरवतोय कारण त्याला विचारायला समोर कुणीच नव्हतं.

नुसतं बोलून उपयोग नाही, उदाहरण घ्या. साठ गुणांचा पेपर, पास व्हायला २४ लागतात. एका पोराला पहिल्या पेपरात २३.५ आले आणि दुसऱ्या पेपरात १९. समजा तुमच्या नियमात सगळ्या पेपरांना मिळून ५ ग्रेस गुण आहेत, आणि ग्रेस पूर्ण गुणांतच द्यायची, अर्धा गुण नाही. आता सॉफ्टवेअरने आधी राउंडिंग केलं तर २३.५ चे २४ होतात, पोरगं पहिल्या पेपरात ग्रेस न लागता पास, आणि अख्खे ५ दुसऱ्या पेपराला लागून तिथेही २४, म्हणजे सगळ्यात पास. पण सॉफ्टवेअरने आधी ग्रेस लावली आणि राउंडिंग शेवटी ठेवलं तर पहिल्या पेपरात एक गुण खर्च होतो, उरले चार, दुसरा पेपर २३ वर अडकतो, पोरगं नापास. दोन्ही पद्धती "बरोबर" आहेत. नियमावलीत कोणती आहे? बहुतेक ठिकाणी तुम्हाला आढळेल की नियमावली यावर गप्पच आहे. मग ती कोडमध्ये ठरली, कुणाच्याही सहीशिवाय. आणि मे-जूनमध्ये त्या पोराचा बाप गेवराईहून नाहीतर कळमनुरीहून एसटीने येऊन परीक्षा भवनाच्या खिडकीला उभा राहतो तेव्हा खिडकीतला क्लार्क त्याला सांगतो, "सिस्टीमने नापास दाखवलंय." सिस्टीमने म्हणजे कुणी, हे क्लार्कलाही माहीत नसतं.

नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून हे दहापट वाढलंय. शासनाचा २० एप्रिल २०२३ चा जीआर बघा, मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, वर ओजेटी (प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) आणि फील्ड प्रोजेक्ट, असे अभ्यासक्रमाचे गटच गट, प्रत्येकाचे क्रेडिट वेगळे, एक वर्ष करून सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडलेलं पोरगं परत आलं तर कुठे बसवायचं, दुसऱ्या विद्यापीठातून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समार्फत आणलेले क्रेडिट कोणत्या खान्यात धरायचे, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी "हो" किंवा "नाही" म्हणायचं असतं. म्हणून कंपनीकडून एक कागद मागा, त्याला आम्ही रूल बुक म्हणायचो. सॉफ्टवेअरमध्ये बसवलेला प्रत्येक नियम साध्या भाषेत एका ओळीत, आणि त्याच्यासमोर तो कोणत्या ठरावाने आला त्याचा क्रमांक. ज्या ओळीसमोर ठराव क्रमांक नाही ती ओळ तुमच्या समितीच्या अजेंड्यावर. झालं, इथे टेक्निकल काहीच नाही, आणि मराठीच्या प्राध्यापकालाही हे वाचता येतं, उलट तोच जास्त बारकाईने वाचतो.

याच्या जोडीला खोट्या विद्यार्थ्यांची एक एक्सेल शीट करा. एक सगळ्यात पास, एक बरोब्बर काठावर, एक अंतर्गत गुणांत नापास पण लेखीत भरघोस, एक गैरहजर, एक कॉपी केस, एक मुलगी जिचं लग्नानंतर नाव बदललं, एक जो दोन वर्षं गॅप घेऊन आला. प्रत्येकाचा निकाल परीक्षा विभागातल्या जुन्या जाणत्या माणसाकडून हाताने काढून घ्या (असा एक माणूस प्रत्येक विद्यापीठात असतोच, रिटायर व्हायला आलेला, सगळे ऑर्डिनन्स तोंडपाठ, त्याला आधी शोधा) आणि मगच ती शीट सिस्टीममध्ये टाका. जिथे उत्तर जुळत नाही तिथे एक तर कोड चुकलाय नाहीतर नियम अर्धवट लिहिलाय. माझा अनुभव असा की निम्म्या वेळा नियमच अर्धवट निघतो.

आता वेळेबद्दल. २०१७ ला मुंबई विद्यापीठात ऑनस्क्रीन मार्किंगचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका, १७ लाखांच्या आसपास, एकदम स्कॅन करून स्क्रीनवर तपासायचं ठरलं, तेही त्याच उन्हाळी परीक्षेला, राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली, निकाल पुढे पुढे जात राहिले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. स्क्रीनवर तपासणं ही कल्पना काही वाईट नव्हती, अनेक विद्यापीठं आज तेच करायलेत. गडबड तारखेत आणि आवाक्यात होती. तुमच्या समितीने एवढाच ठराव करून घेतला तरी पुष्कळ झालं, की कोणतीही नवीन सिस्टीम आधी एका शाखेला, एका सत्राला, आणि जुनी पद्धत बाजूला चालू ठेवून. आणि परीक्षा फॉर्म सुरू झाल्यापासून निकाल लागेपर्यंत सॉफ्टवेअरमध्ये अपडेट बंद. कंपनी म्हणेल छोटासाच बदल आहे. छोटासा बदल जुलैमध्ये करा म्हणावं.

पायलटसाठी कॉलेज निवडताना संभाजीनगर नाहीतर नांदेड शहरातलं निवडू नका, तिथे सगळंच चालतं. किनवट घ्या, आष्टी घ्या, भूम-परांडा घ्या. प्रश्नपत्रिका सकाळी ऑनलाइन येणार, सेंटरला डाउनलोड करून झेरॉक्स मारून हॉलमध्ये पोचवायची, आणि त्याच वेळेला लाइट गेली, इन्व्हर्टरवर झेरॉक्स मशीन ओढत नाही, जनरेटरमध्ये डिझेल नाही, तर प्राचार्य काय करतात? ते मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पेपर उतरवून गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात जातात. सगळी सिक्युरिटी त्या दुकानाच्या काउंटरवर संपली. हे केंद्रवाल्यांना मुख्यालयात बसून दिसत नाही, पण तालुक्याच्या कॉलेजचा प्राध्यापक समितीत असेल तर तो दोन मिनिटात सांगतो. म्हणून समितीत एक जण संलग्नित कॉलेजचा हवाच, तोही तालुक्याचा. बाकी ग्रंथालयातलं एक माणूस घ्या, मानव्य शाखेचा एक, एखादा पीएचडीचा विद्यार्थी. सगळे संगणकशास्त्राचे घेऊ नका, आम्ही लोक मायक्रोसर्व्हिस आणि क्लाउडवर भांडत बसतो आणि मीटिंग संपते. आणि कुणाचा भाऊ-पुतण्या आयटी सप्लायचा धंदा करत असेल तर त्याने आधीच सांगून बाहेर राहावं, मागाहून पेपरात यायला नको.

करारावर मात्र तुम्ही सगळा जीव लावा. आणि तो टेंडर निघायच्या आधी लावा. सरकारी खरेदीच्या जीईएम पोर्टलवर किंवा ई-टेंडरवर एकदा बिड उघडली की प्राध्यापकांच्या समितीला काहीही करता येत नाही, तेव्हा फक्त एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराची कंपनी, कोण एवढंच उरतं. आरएफपी, म्हणजे कंपन्यांकडून प्रस्ताव मागवायचा कागद, मसुद्यात असतो तेव्हाच चार ओळी घालता येतात. निव्वळ एल-वनवर न जाता क्वालिटीलाही गुण ठेवायचे का, हेसुद्धा तेव्हाच ठरतं, आणि कंपनी तुमच्या त्या खोट्या विद्यार्थ्यांची शीट डेमोत किती बरोबर सोडवते याला गुण ठेवता आले तर फारच उत्तम, निम्म्या कंपन्या तिथेच गळतात.

कोणत्या चार ओळी, तर सगळ्यात आधी बाहेर पडायची. एका कंपनीचा करार संपला, दुसरीला द्यायचं ठरलं, आम्ही जुना डेटा मागितला, तर दिलं काय, वर्षानुवर्षांचे लेजर पीडीएफमध्ये. करारात लिहिलं होतं "डेटा विद्यापीठाला हस्तांतरित करेल", आणि पीडीएफही डेटाच की ओ, वकीलही तेच म्हणाला. मग ऑपरेटर बसवून परत एन्ट्री. म्हणून लिहून घ्या, की सगळी टेबलं उघड्या फॉरमॅटमध्ये, प्रत्येक कॉलमचा अर्थ सांगणाऱ्या डिक्शनरीसकट, उत्तरपत्रिकांचे स्कॅन आणि कोणते गुण कुणी कधी बदलले त्याचा लॉग, आणि हे सगळं करार संपताना नाही तर दरवर्षी एकदा द्यायचं, आणि विद्यापीठाने ते दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचं. दरवर्षी न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नसतो.

दुसरं अपटाइम, म्हणजे सिस्टीम किती वेळ चालू राहील याची हमी. कंपनी मोठ्या अभिमानाने ९९ टक्के लिहून देते. ९९ टक्के म्हणजे वर्षात साडेतीन दिवसांपेक्षा जास्त वेळ सिस्टीम बंद राहिली तरी कंपनी नियमात. ते साडेतीन दिवस दिवाळीत आले तर कुणाला कळणारही नाही, हॉलतिकिटाच्या आठवड्यात आले तर मोर्चा येतो. तेव्हा वर्षाची सरासरी नको, परीक्षेच्या कॅलेंडरला बांधलेला अपटाइम आणि त्यालाच बांधलेला दंड लिहा. तिसरं, प्रति विद्यार्थी दर असेल तर विद्यार्थी म्हणजे कोण, बॅकलॉगवाला परत मोजणार का, फक्त एका पेपराला बसलेला पूर्ण धरणार का. चौथं, नियम बदलला तर कोड बदलायचे पैसे किती, कारण शासन दरवर्षी एखादा जीआर काढतंच आणि कंपनीची खरी कमाई तिथेच असते.

आता ईमेल आणि पाळतीचं. हा विषय आपल्याकडे कुणी काढत नाही, काढला तर "सर तुम्हाला लपवायचं काय आहे" असं विचारतात. हार्वर्डमध्ये २०१२ ला परीक्षेतल्या कॉपीचं प्रकरण झालं, त्याची आतली माहिती पेपरला कुणी दिली हे शोधायला प्रशासनाने वसतिगृहांच्या डीन मंडळींची ईमेल खाती त्यांना न सांगता तपासली, २०१३ ला ते बाहेर आलं, मोठा गदारोळ झाला आणि मग कुणाचं खातं कधी, कुणाच्या परवानगीने उघडायचं याचं लेखी धोरण आलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसचं त्याहून आपल्या विषयाच्या जवळचं आहे. २०१५ ला यूसीएलएच्या, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस कॅम्पसच्या, हॉस्पिटलवर सायबर हल्ला झाल्याचं उघड झालं, त्यानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मुख्यालयाने कॅम्पसच्या नेटवर्कवर ट्रॅफिक बघणारी यंत्रणा बसवायला लावली, आणि बर्कलीच्या प्राध्यापकांना ते काही महिन्यांनी कळलं. प्राध्यापकांचं म्हणणं सुरक्षा नको असं नव्हतंच, आम्हाला न विचारता, गुपचूप का केलं, हे होतं. तिथे प्राध्यापकांच्या सिनेटची आणि प्रशासनाची मिळून आयटीवरची समिती होती म्हणून निदान प्रश्न विचारायला एक जागा होती.

आपल्याकडे सुरक्षेसाठी लॉग ठेवावेच लागतात हे आधी मान्य करा. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे, सर्ट-इनचे, २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची, लॉग १८० दिवस ठेवायचे. त्याला विरोध करू नका, केंद्रवाले तिथे बरोबर आहेत. तुम्ही एवढंच लिहून घ्या, की लॉग कोण उघडू शकतो, एखाद्याचा मेलबॉक्स उघडायचा तर कुलसचिव आणि आणखी एक, अशा दोन सह्या लागतील, कारण लिहावं लागेल, आणि तपास संपल्यावर त्या माणसाला सांगावं लागेल. पानभर मजकूर आहे, पण भांडण होण्याआधी करून ठेवा, भांडणाच्या वेळेला कुणी करू देत नाही.

तसं बघितलं तर आपल्याकडे खरी गळती मेलमधून नाहीच, व्हॉट्सॅपमधून आहे. प्राचार्यांच्या ग्रुपवर, विभागाच्या ग्रुपवर पोरांचे आधार, जातीचे दाखले, पासबुकाचे फोटो फिरायलेत, "तातडीने भरून पाठवा" म्हणून. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ ला झालाय, त्यातला मोठ्यातला मोठा दंड २५० कोटींपर्यंत जातो. उद्याच कुणी विद्यापीठाला एवढा दंड ठोकेल असं मी म्हणत नाही, पण स्कॉलरशिपची कागदपत्रं ग्रुपवर मागायची नाहीत एवढं परिपत्रक तरी समितीने काढायला लावावं.

सीएचबीवाल्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही पण सांगतो. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना विद्यापीठाचा ईमेल मिळत नाही, कारण खातं पगाराच्या यादीवरून तयार होतं आणि ते पगाराच्या यादीत नाहीत. निम्मे वर्ग तेच घेतात, अंतर्गत गुण तेच काढतात, आणि ते गुण भरायला विभागप्रमुखाचा पासवर्ड वापरतात. म्हणजे लॉगमध्ये सगळं विभागप्रमुखाने केलेलं दिसतं! उद्या काही घोळ निघाला तर अडकणार कोण? यावर केंद्रवाले म्हणतील जागा नाही, आणि ते अगदीच खोटं नाही, गुगलने शिक्षणसंस्थांची फुकट अमर्याद साठवण २०२२ पासून बंद करून संस्थेला मिळून १०० टीबी केली. पण सत्रापुरतं, छोट्या कोट्याचं खातं देता येतं, साठवण खाणारी खाती दुसरीच असतात, त्यात लेक्चरचे व्हिडिओ आणि कुणाच्या तरी लग्नाचे फोटो असतात.

तसंच मराठी प्रबंधांचं. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला प्रबंध पीडीएफ केला की डोळ्यांना छान मराठी दिसतं, पण चौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला आत नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते, ते कशाशीच जुळत नाही आणि साम्य शून्याच्या जवळ येतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, म्हणजे हा प्रबंध थाटात पास. मार्गदर्शक खूश, विद्यार्थी खूश. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघा, मराठी आलं तर युनिकोड, कचरा आला तर परत पाठवा. ग्रंथालयाला एवढी एक पायरी घालायला सांगा.

आता केंद्रवाल्यांची बाजू, कारण "तुम्हाला काय कळणार" हे ते उगीच म्हणत नाहीत. तिथे बरेचसे लोक कंत्राटी असतात, निकाल लागला की कुलगुरूंचं कौतुक, अडकला की यांना शिव्या. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४३-४४ ला गेला की सर्व्हर रूमचा एसी बंद पडतो, यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायची फाइल लेखा विभागात पडून असते, रस्त्याचं काम निघालं की जेसीबी फायबर तोडतो. तुमच्या समितीने पहिल्या वर्षी त्यांच्या दोन फाइली जरी मार्गी लावल्या, बॅटऱ्या आणि एएमसी (वार्षिक देखभालीचा करार), तरी पुढच्या मीटिंगला ते स्वतःहून रूल बुक घेऊन येतील.

अधिकाराचं म्हणाल तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये माहिती तंत्रज्ञान मंडळ हे विद्यापीठाचं प्राधिकरणच आहे. तुमच्याकडे ते स्थापन झालंय का, शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त कुठे आहे, हे आधी कुलसचिवांना पत्राने विचारा. तुमची समिती त्याच्याशी भांडणारी नको, त्याला शिफारस करणारी हवी. आणि विद्यापरिषदेत एक ठराव मांडा, की परीक्षा, प्रवेश, संशोधन किंवा अध्यापन यांच्याशी संबंधित कोणताही आरएफपी खरेदी समितीकडे जाण्याआधी तुमच्या समितीचा लेखी अभिप्राय जोडावा, आणि समितीने १५ दिवसांत अभिप्राय दिला नाही तर संमती आहे असं समजावं. ही शेवटची अट तुम्ही स्वतःच घाला. नाहीतर पहिल्याच उशिराला "प्राध्यापकांमुळे ईआरपी रखडलं" असं छापून येईल.

पुढच्या मीटिंगला तीनच कागद मागा, सध्याच्या कंपनीचा करार, नवीन आरएफपीचा मसुदा, आणि निकाल जाहीर झाल्यानंतर बदललेल्या गुणांचा मागच्या सत्राचा लॉग, नावं झाकून. करार गोपनीय आहे म्हणाले तर विद्यापीठ हे सार्वजनिक प्राधिकरण आहे, माहिती अधिकारात ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, हे शांतपणे सांगा, शक्यतो अर्ज करायची वेळ येत नाही. मसुदा हातात आला की मला पाठवा, मी वाचून देतो, फक्त बिड निघायच्या आधी पाठवा.